ओरोमो समाजाचा स्वयंनिर्णयाचा लढा

ओरोमो समाजाचा स्वयंनिर्णयाचा लढा म्हणजे पूर्व आफ्रिकेतील इथिओपिया या देशात ओरोमो लोकांनी आपली जमीन, भाषा आणि राज्यकारभार यांवरील हक्कांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालविलेला संघर्ष होय. ओरोमो हा इथिओपियातील संख्येने सर्वांत मोठा समाज आहे. २००७ च्या जनगणनेनुसार देशाच्या सुमारे ७ कोटी ३७ लाख लोकसंख्येत ओरोमोंची संख्या सुमारे २ कोटी ५४ लाख, म्हणजे एक तृतीयांशापेक्षा थोडी अधिक होती. एवढा मोठा समाज असूनही विसाव्या शतकाचा बराच काळ त्याच्या भाषेला शाळेत, न्यायालयात व सरकारी कचेरीत स्थान नव्हते आणि त्याच्यातील बहुसंख्य शेतकरी स्वतःच्या पूर्वजांच्या जमिनीवर कुळे म्हणून राबत होते. या विसंगतीतून लढ्याचा उगम झाला.

हा लढा एका संघटनेचा किंवा एकाच मागणीचा कधीच नव्हता. स्वतंत्र ‘ओरोमिया’ राष्ट्र, संघराज्यांतर्गत स्वायत्तता आणि लोकशाही इथिओपियात समान वाटा, अशी तीन वेगवेगळी उद्दिष्टे त्यात एकाच वेळी नांदत आली आहेत. इथिओपियाच्या १९९५ च्या राज्यघटनेने प्रत्येक समाजाला विभक्त होण्यापर्यंतचा स्वयंनिर्णयाचा हक्क दिला. त्यानंतरही लढा थांबला नाही, कारण हक्क आहे की नाही या प्रश्नाची जागा तो हक्क ओरोमो समाजाच्या वतीने कोणी वापरावा या प्रश्नाने घेतली.

## नाव व समाज

ओरोमो लोक अफान ओरोमो ही भाषा बोलतात. ती आफ्रो-आशियाई भाषाकुलातील कुशी शाखेची भाषा असून सोमाली व अफार या भाषा तिच्या नात्यातील आहेत. इथिओपियाची दीर्घकाळची राजभाषा अम्हारिक ही मात्र सेमिटिक शाखेची आहे. जुन्या इथिओपियन व युरोपीय लेखनात ओरोमोंचा उल्लेख ‘गाला’ असा येतो. ओरोमो लोक हे नाव अवमानकारक मानतात आणि १९७४ च्या क्रांतीनंतर ते अधिकृत वापरातून गेले. मराठी ऐतिहासिक लेखनातील ‘हबशी’ ही संज्ञा इथिओपियाच्या परिसरातून आलेल्या सर्वच लोकांसाठी वापरली गेली असल्याने ती कोणत्याही एका समाजाची वाचक नाही.

ओरोमोंच्या अनेक शाखा आहेत. शेवा प्रांतातील तुलामा, पश्चिमेकडील मेचा, आग्नेयेकडील अर्सी, पूर्वेकडील इत्तू व दक्षिणेकडील बोराना आणि गुजी या त्यांतील काही प्रमुख होत. बोराना लोक केनियाच्या उत्तर भागातही राहतात. धर्माच्या दृष्टीनेही समाज एकसंध नाही. २००७ च्या जनगणनेनुसार ओरोमिया राज्यातील सुमारे ४७ टक्के लोक मुस्लिम, ३० टक्के ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, १८ टक्के प्रोटेस्टंट व ३ टक्के पारंपरिक धर्माचे अनुयायी होते. पारंपरिक धर्मात ‘वाका’ या एकमेव ईश्वराची उपासना केली जाते. धर्म व प्रदेश यांनी विभागलेल्या या समाजाला जोडणारे दोन धागे म्हणजे भाषा आणि गडा व्यवस्था.

## गडा व्यवस्था

गडा ही ओरोमोंची पारंपरिक राज्यव्यवस्था आहे. तीत समाजातील पुरुषांची विभागणी पिढीनुसार गटांमध्ये केली जाते आणि प्रत्येक गट ठरावीक वर्षांनी एकेक पायरी चढत जातो. सत्तेच्या पायरीवर पोहोचलेला गट आठ वर्षे कारभार पाहतो व नंतर ती जागा पुढच्या गटासाठी रिकामी करतो. असे पाच गट आळीपाळीने येत असल्याने एक आवर्तन चाळीस वर्षांत पूर्ण होते. सत्तारूढ गटाच्या प्रमुखास ‘आबा गडा’ म्हणतात. कायदे सर्वसाधारण सभेत चर्चेने ठरतात. या सभेला अनेक भागांत ‘चाफे’ असे नाव असून ती ‘ओडा’ नावाच्या पवित्र उंबरवर्गीय वृक्षाखाली भरत असे. बोराना लोकांची ‘गुमी गायो’ ही महासभा आजही दर आठ वर्षांनी भरते.

या व्यवस्थेत स्त्रियांना पद मिळत नसे. मात्र विवाहाच्या वेळी मिळणारी ‘सिंके’ नावाची काठी हे त्यांच्या हक्कांचे प्रतीक होते. अन्याय झाल्यास सिंके हाती घेऊन स्त्रिया एकत्र बाहेर पडत आणि तंटा मिटेपर्यंत माघारी फिरत नसत. ‘मोगासा’ या प्रथेने परक्या समाजातील लोकांनाही कुळात सामावून घेतले जाई. युनेस्कोने २०१६ मध्ये गडा व्यवस्थेचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

आधुनिक लढ्यात गडाचे महत्त्व केवळ सांस्कृतिक नाही. मर्यादित मुदतीची सत्ता, सभेने केलेला कायदा व शांततेने होणारे सत्तांतर ही तत्त्वे आपल्याला बाहेरून शिकावी लागली नाहीत, हा युक्तिवाद ओरोमो विचारवंतांनी गडाच्या आधारे सातत्याने मांडला. लढ्यातील अनेक संघटनांच्या ध्वजांवर ओडा वृक्षाचे चिन्ह आढळते.

## साम्राज्यात समावेश

सोळाव्या शतकात ओरोमो लोकांचा दक्षिणेकडून उत्तरेकडे व पश्चिमेकडे मोठा विस्तार झाला. अठराव्या शतकात उत्तरेकडील गोंदर येथील राजदरबारातही ओरोमो सरदारांचे वजन वाढले. एकोणिसाव्या शतकात गिबे नदीच्या खोऱ्यात लिम्मू-एनारिया, गोम्मा, गुमा, गेरा व जिम्मा ही पाच ओरोमो राज्ये नांदत होती. इतरत्र मात्र लहान लहान गटांचा गडाच्या पद्धतीने चाललेला कारभार होता. त्यांना जोडणारी मध्यवर्ती सत्ता नव्हती आणि युरोपातून येणाऱ्या बंदुकाही त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचत.

शेवाचा राजा आणि पुढे इथिओपियाचा सम्राट झालेला दुसरा मेनेलिक याने १८७० च्या दशकापासून दक्षिणेकडे मोहिमा काढल्या. १८८२ मध्ये एंबाबो येथे शेवा व गोज्जाम या राज्यांत लढाई झाली. ओरोमो प्रदेशावर वर्चस्व कोणाचे, हाच तिचा विषय होता. मेनेलिकचा विजयी सेनापती रास गोबाना दाचे हा स्वतः ओरोमो होता. आजही काही जण त्याला देशाचा शिल्पकार, तर काही जण समाजद्रोही मानतात. जिम्माचा राजा दुसरा आबा जिफार आणि लेका नेकेम्तेचा शासक यांनी खंडणी मान्य करून आपला अंतर्गत कारभार राखला. जिम्माची ही स्वायत्तता १९३२ पर्यंत टिकली.

अर्सी ओरोमोंनी मात्र १८८२ ते १८८६ अशी चार-पाच वर्षे प्रतिकार केला. १८८६ मध्ये अझुले येथील लढाईत त्यांचा निर्णायक पराभव झाला. त्यानंतर आनोले येथे पराभूत पुरुषांचे हात व स्त्रियांचे स्तन कापण्यात आले, असे अर्सी लोकांची मौखिक परंपरा सांगते. २०१४ मध्ये तेथे स्मारक उभारले गेले, तेव्हा त्यावरून देशभर वाद झाला. काहींच्या मते ते दडपलेल्या इतिहासाची नोंद होते, तर काहींच्या मते पुरेशा पुराव्यावाचून उभारलेले व समाजांत तेढ वाढविणारे होते. जानेवारी १८८७ मध्ये चेलेंको येथील लढाईनंतर पूर्वेकडील हरार शहरही मेनेलिकच्या ताब्यात आले.

## जमीन व कूळपद्धती

जिंकलेल्या प्रदेशात ‘नेफ्तेन्या-गब्बार’ पद्धत लागू झाली. अम्हारिक भाषेत ‘नेफ्त’ म्हणजे बंदूक आणि ‘नेफ्तेन्या’ म्हणजे बंदूकधारी. सैनिक व अधिकारी यांना पगाराऐवजी शेतकरी कुटुंबे नेमून दिली जात. ‘गब्बार’ म्हणविणाऱ्या या कुटुंबांना उत्पन्नाचा वाटा, मध, लाकूडफाटा आणि वेठ द्यावी लागे. जमिनीचा मोठा हिस्सा राजसत्ता, सैनिक व चर्च यांच्याकडे गेला आणि साधारण तिसरा हिस्सा स्थानिक प्रमुखांकडे ठेवण्यात आला. या प्रमुखांना ‘बलब्बात’ म्हणत. शेतकरी व सत्ता यांच्यातील मध्यस्थ या नात्याने त्यांपैकी अनेकांनी राजभाषा व राजधर्म स्वीकारला. त्यामुळे ओरोमो समाजातच वरचा थर आणि सामान्य शेतकरी यांत अंतर पडले.

याच काळात, १८८६ मध्ये, उष्ण पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिनफिने या तुलामा ओरोमोंच्या परिसरात आदिस अबाबा हे शहर वसविण्यात आले व पुढे ते राजधानी झाले. तेथील ओरोमो कुळे हळूहळू विस्थापित झाली. राजधानीला कोणत्या नावाने ओळखावे आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हा वाद आजही मिटलेला नाही.

## भाषेचा प्रश्न

ओरोमो भाषेच्या लिखित साहित्याचा पाया घालणारा ओनेसिमोस नेसिब हा बालपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. १८७० मध्ये मसावा बंदरात त्याची मुक्तता झाली आणि स्वीडिश मिशनरी शाळेत त्याने शिक्षण घेतले. आस्टेर गानो या त्याच्यासारख्याच मुक्त झालेल्या स्त्रीच्या साहाय्याने त्याने बायबलचे ओरोमो भाषांतर पूर्ण केले. ते १८९९ मध्ये गीझ लिपीत छापले गेले.

हैले सेलासी हा १९३० मध्ये सम्राट झाला. १९४१ मध्ये इटलीच्या ताब्यातून देश मुक्त झाल्यावर त्याच्या राजवटीने एकभाषिक राष्ट्राचे धोरण कडकपणे राबविले. १९४४ च्या नियमांनी मिशनरी शाळांनाही अम्हारिक माध्यम बंधनकारक केले आणि १९५५ च्या घटनेने अम्हारिकला राजभाषा ठरविले. ओरोमो भाषेत शिकविणे व छापणे जवळपास अशक्य झाले. न्यायालयात ओरोमो शेतकऱ्याला स्वतःचे म्हणणे दुभाष्यामार्फत मांडावे लागे. हरारच्या परिसरातील कवी व विद्वान शेख बकरी सापालो यांनी १९५६ मध्ये ओरोमो भाषेसाठी एक स्वतंत्र लिपी तयार केली; परंतु सरकारने तिचा प्रसार थांबविला.

लिपीचा प्रश्न भावनेइतकाच व्याकरणाचाही होता. गीझ लिपीत, आपल्या बाराखडीप्रमाणे, प्रत्येक व्यंजनाची स्वरानुसार रूपे होतात. पण अशी रूपे सातच आहेत. ओरोमो भाषेत पाच स्वर असून प्रत्येकाचे ऱ्हस्व व दीर्घ रूप अर्थ बदलते. ‘लफ’ म्हणजे जमीन, तर ‘लाफा’ म्हणजे मऊ. व्यंजनाच्या द्वित्तानेही अर्थ बदलतो. ‘बदा’ म्हणजे वाईट, तर ‘बद्दा’ म्हणजे उंचावरील थंड प्रदेश. गीझ लिपीत हे दोन्ही भेद नीट दाखविता येत नाहीत. म्हणून १९७० च्या दशकात हैले फिदा या विचारवंताने रोमन लिपीत ओरोमो व्याकरण लिहिले आणि त्याच लिपीचा पुरस्कार पुढे ओरोमो चळवळीने केला.

## संघटित चळवळीचा उदय

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे उठाव स्थानिक होते. १९६३ मध्ये बाले प्रांतात कर, जमीनमोजणी व जमीनजप्ती यांविरुद्ध सुरू झालेला उठाव त्यांतील सर्वांत दीर्घ ठरला. वाको गुतू हा त्याचा प्रमुख नेता होता. शेजारच्या सोमालियाकडून मिळणारी मदत आटल्यावर १९७० मध्ये त्याने शरणागती पत्करली.

त्याच वर्षी, म्हणजे १९६३ मध्ये, आदिस अबाबा येथे ‘मेचा-तुलामा स्वयंसाहाय्य संघ’ स्थापन झाला. शाळा, दवाखाने व रस्ते यांसाठी वर्गणी जमविणारी ही कायदेशीर संस्था होती. मात्र तिच्या सभांना वेगवेगळ्या प्रांतांतील व धर्मांतील ओरोमो प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र येऊ लागले. तिचा प्रमुख नेता जनरल तादेसे बिरु हा पोलीस दलातील ज्येष्ठ अधिकारी होता. १९६० चा सम्राटाविरुद्धचा लष्करी कट मोडण्यात त्याचा वाटा होता आणि १९६२ मध्ये इथिओपियात लष्करी शिक्षणासाठी आलेल्या नेल्सन मंडेला यांच्या प्रशिक्षकांपैकी तो एक होता. नोव्हेंबर १९६६ मध्ये राजधानीतील एका चित्रपटगृहात झालेल्या स्फोटाचा ठपका ठेवून सरकारने संघाच्या नेत्यांना अटक केली व १९६७ मध्ये संघावर बंदी घातली. मामो मेझेमिर या तरुण लष्करी अधिकाऱ्यास फाशी देण्यात आली. तादेसे बिरु याची देहान्त शिक्षा कमी करण्यात आली. तथापि पुढे १९७५ मध्ये नव्या लष्करी राजवटीने त्याला ठार केले.

विद्यापीठातही हाच प्रश्न चर्चेत आला. १९६५ मध्ये विद्यार्थ्यांनी ‘कसेल त्याची जमीन’ ही मागणी रस्त्यावर आणली. १९६९ मध्ये वल्लेलिन मेकोनेन या अम्हारा विद्यार्थी नेत्याने इथिओपिया हे एक राष्ट्र नसून अनेक राष्ट्रीय समाजांचा समूह आहे, अशी मांडणी करणारा निबंध लिहिला. स्वयंनिर्णय हा शब्द इथिओपियाच्या राजकारणात रुजला तो मुख्यतः या मार्क्सवादी विद्यार्थी चळवळीतून.

## क्रांती व लष्करी राजवट

सप्टेंबर १९७४ मध्ये ‘डर्ग’ या लष्करी समितीने हैले सेलासीला पदच्युत केले. मार्च १९७५ च्या हुकुमाने सर्व ग्रामीण जमिनीचे राष्ट्रीयीकरण झाले, कूळपद्धती संपली व प्रत्येक कुटुंबास कमाल दहा हेक्टर जमीन कसण्याची मर्यादा घालण्यात आली. दक्षिणेतील ओरोमो शेतकऱ्यांना या निर्णयाचा थेट लाभ झाला आणि सुरुवातीला त्यांनी क्रांतीचे स्वागत केले. ‘बरीसा’ हे ओरोमो भाषेतील साप्ताहिकही १९७५ मध्ये सुरू झाले.

हे स्वागत फार काळ टिकले नाही. १९७७–७८ च्या ‘लाल दहशती’त हजारो तरुण मारले गेले. पुढे सक्तीची सैन्यभरती, ठरावीक भावाने धान्यवसुली आणि विखुरलेल्या वस्त्या मोडून लोकांना नव्या खेड्यांत बसविण्याची मोहीम यांनी शेतकरी दुरावला. इथिओपियन इव्हँजेलिकल मेकाने येसुस चर्चचे सरचिटणीस गुदिना तुम्सा यांचे जुलै १९७९ मध्ये अपहरण होऊन त्यांची हत्या झाली. त्यांचे अवशेष १९९२ मध्ये सापडले.

ओरोमो मुक्ती आघाडीची स्थापना १९७३–७४ च्या सुमारास झाली. गुदिना तुम्सा यांचे बंधू बारो तुम्सा हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. स्वतंत्र ओरोमिया हे ध्येय असलेल्या आघाडीने पूर्वेकडील डोंगराळ भागात व नंतर सुदानलगतच्या पश्चिम सीमेवर सशस्त्र लढा दिला. एरिट्रिया व टिग्रे येथील बंडखोरांच्या तुलनेत तिचे लष्करी बळ कमी होते. पण समाजाला ‘ओरोमिया’ ही एक सलग भूमी म्हणून कल्पिण्याची सवय तिच्यामुळे लागली.

## १९९१ : संधी व फारकत

मे १९९१ मध्ये टिग्रे जनमुक्ती आघाडीच्या नेतृत्वाखालील इथिओपियन जनक्रांतिकारी लोकशाही आघाडीने (यापुढे ‘जनक्रांतिकारी आघाडी’) डर्ग राजवट उलथवली. जुलैमधील परिषदेत संक्रमणकालीन सनद मंजूर झाली व ८७ सदस्यांच्या प्रतिनिधी मंडळात ओरोमो मुक्ती आघाडीला १२ जागा मिळाल्या. दुसरीकडे, विजेत्या आघाडीने १९९० मध्येच ओरोमो जनलोकशाही संघटना हा आपला घटक पक्ष उभा केला होता. तिच्या पहिल्या सदस्यांत युद्धकैदी झालेल्या ओरोमो सैनिकांचा मोठा भरणा होता. ओरोमोंचे खरे प्रतिनिधी कोण, हा वाद तेव्हापासून सुरू झाला.

या अल्पकाळातील सर्वांत टिकाऊ निर्णय लिपीचा ठरला. ३ नोव्हेंबर १९९१ रोजी आदिस अबाबातील संसद सभागृहात जमलेल्या ओरोमो विद्वानांनी रोमन लिपीवर आधारित ‘कुबे’ वर्णमाला स्वीकारली. त्यानंतर ओरोमो भाषा प्राथमिक शिक्षणाचे माध्यम झाली. या लिपीत शिकलेल्या पिढीला ‘कुबे पिढी’ म्हणतात. पंचवीस वर्षांनंतरच्या आंदोलनात हीच पिढी आघाडीवर होती.

राजकीय सहकार्य मात्र वर्षभरातच संपले. कार्यालये बंद पाडली जात असल्याची तक्रार करीत ओरोमो मुक्ती आघाडी जून १९९२ च्या प्रादेशिक निवडणुकांतून व सरकारमधून बाहेर पडली. तिचे हजारो सैनिक पकडले गेले आणि नेते परदेशी गेले.

## राज्यघटनेतील हक्क

डिसेंबर १९९४ मध्ये स्वीकारलेली व ऑगस्ट १९९५ मध्ये अमलात आलेली राज्यघटना देशाला भाषिक व वांशिक ओळखीवर आधारलेल्या राज्यांचे संघराज्य बनविते. तिच्या दृष्टीने सार्वभौमत्व व्यक्तींच्या समूहात नव्हे, तर ‘राष्ट्रे, राष्ट्रीयता व जन’ यांत वसते. अनुच्छेद ३९ प्रत्येक अशा समाजाला विभक्त होण्याच्या हक्कासह स्वयंनिर्णयाचा बिनशर्त हक्क देतो. त्यासाठी त्या समाजाच्या विधिमंडळाने दोन तृतीयांश मताने मागणी मंजूर करावी लागते, केंद्राने तीन वर्षांच्या आत सार्वमत घ्यावे लागते आणि सार्वमतात बहुमत मिळावे लागते.

ओरोमिया हे या संघराज्यातील सर्वाधिक लोकसंख्येचे राज्य झाले. २००७ मध्ये तेथे सुमारे २ कोटी ७० लाख लोक राहत असून त्यांपैकी सुमारे ८८ टक्के ओरोमो होते. ओरोमो ही राज्याची कामकाजाची भाषा झाली. या गोष्टी पूर्वीच्या तुलनेत मोठ्या होत्या. परंतु विधिमंडळावर सत्तारूढ आघाडीतील पक्षाचेच वर्चस्व राहिल्याने अनुच्छेद ३९ ची पहिली पायरीसुद्धा तिच्या संमतीवाचून चढता येत नव्हती. मुक्ती आघाडीशी संबंध असल्याच्या संशयावरून अटका होत राहिल्या. २०११ मध्ये संसदेने तिला दहशतवादी संघटना ठरविले. २०११ ते २०१४ या काळात किमान ५,००० ओरोमोंना अटक झाली, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१४ च्या अहवालात म्हटले.

## राजधानीचा विस्तार व आंदोलन

आदिस अबाबा हे शहर चारही बाजूंनी ओरोमिया राज्याने वेढलेले आहे. घटनेच्या अनुच्छेद ४९ मध्ये राजधानीबाबत ओरोमियाचे ‘विशेष हित’ मान्य केले आहे. पण ते कसे राखायचे याचा कायदा दीर्घकाळ झाला नाही. शहर वाढत गेले तसे भोवतालच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गृहप्रकल्प, कारखाने व फुलशेती यांसाठी घेतल्या गेल्या. जमीन राज्य व जनता यांच्या मालकीची असल्याने शेतकऱ्याला जमिनीची बाजारभावाने किंमत मिळत नसे. २००५ च्या कायद्यानुसार मागील पाच वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट भरपाई दिली जाई. तीच जमीन नंतर भाडेपट्ट्याच्या लिलावात कितीतरी अधिक रकमेला जाताना त्याला पाहावी लागे. १९७५ मध्ये जमीनदारीतून मुक्त झालेल्या कुटुंबांची पुढची पिढी अशा रीतीने पुन्हा भूमिहीन होऊ लागली.

२०१४ मध्ये राजधानी व सभोवतालची ओरोमो नगरे यांचा एकत्रित बृहत् आराखडा जाहीर होताच अंबो व इतर ठिकाणी विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काही मारले गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये राजधानीच्या पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटरवरील गिंची या गावी आंदोलनाची नवी लाट उठली. या वेळी ती शेकडो गावांत पसरली. ‘केरो’ म्हणजे अविवाहित तरुण. या नावाने ओळखले जाणारे तरुणांचे जाळे, परदेशस्थ ओरोमोंची दूरचित्रवाहिनी व समाजमाध्यमे यांनी आंदोलन जोडून ठेवले. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला, तरी निदर्शने थांबली नाहीत. ऑगस्टमध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे रौप्यपदक जिंकणाऱ्या फेयिसा लिलेसा याने अंतिम रेषा ओलांडताना डोक्यावर मनगटे एकमेकांवर आडवी धरली. आंदोलकांची ही खूण त्यामुळे जगभर पोहोचली.

२ ऑक्टोबर २०१६ रोजी बिशोफ्तू येथील सरोवराकाठी ‘इरेचा’ हा पावसाळ्यानंतरचा कृतज्ञतेचा उत्सव सुरू असताना निदर्शने झाली. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि चेंगराचेंगरीत अनेक लोक खंदकात पडून मरण पावले. सरकारने मृतांची संख्या ५५ दिली, तर विरोधकांनी ती कित्येक पटींनी अधिक असल्याचे सांगितले. आठवडाभरातच देशात आणीबाणी लागू झाली. सरकारी मानवी हक्क आयोगाने एप्रिल २०१७ मध्ये या काळातील हिंसाचारात एकूण ६६९ मृत्यू झाल्याचे सांगितले. त्यांपैकी ४९५ ओरोमियातील होते.

दरम्यान ओरोमो जनलोकशाही संघटनेतच बदल घडला. लेम्मा मेगेर्सा व अबी अहमद यांच्या नेतृत्वाखाली तिने आंदोलकांच्या मागण्या जाहीरपणे उचलून धरल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंतप्रधान हैलेमारियम देसालेन यांनी राजीनामा दिला आणि २ एप्रिल रोजी अबी अहमद पंतप्रधान झाले. ओरोमो म्हणून स्वतःची ओळख सांगणारी व्यक्ती या पदावर प्रथमच आली.

## २०१८ नंतर

नव्या सरकारने राजकीय कैदी सोडले आणि ओरोमो मुक्ती आघाडीवरील दहशतवादाचा शिक्का काढला. सप्टेंबर २०१८ मध्ये आघाडीचे अध्यक्ष दाऊद इब्सा राजधानीत परतले, तेव्हा प्रचंड जनसमुदाय जमला. मात्र सैनिकांनी शस्त्रे खाली ठेवण्याच्या अटींवरून मतभेद झाले आणि कुम्सा दिरिबा याच्या नेतृत्वाखालील गट वेगळा होऊन ‘ओरोमो मुक्ती सेना’ या नावाने लढू लागला. पश्चिमेकडील वोलेगा आणि दक्षिणेकडील गुजी हे भाग तेव्हापासून संघर्षग्रस्त आहेत.

डिसेंबर २०१९ मध्ये अबी अहमद यांनी जनक्रांतिकारी आघाडीतील बहुतेक घटक पक्ष विलीन करून देशव्यापी ‘समृद्धी पक्ष’ स्थापन केला. केंद्रीकरणाकडे टाकलेले हे पाऊल आहे, असा आक्षेप अनेक ओरोमो नेत्यांनी घेतला. २९ जून २०२० रोजी आंदोलनकाळात लोकप्रिय झालेला गायक हचालू हुंडेसा याची राजधानीत गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतरच्या दंगली व गोळीबारात दोनशेहून अधिक लोक मरण पावले. मृतांत सुरक्षा दलांच्या गोळीला बळी पडलेले ओरोमो होते, तसेच जमावाच्या हल्ल्यात मारले गेलेले अम्हारा व इतर समाजांचे लोकही होते. जवार मोहम्मद व बेकेले गेर्बा या विरोधी नेत्यांना अटक झाली. त्यांची सुटका जानेवारी २०२२ मध्ये झाली. त्यांचा ओरोमो संघराज्यवादी काँग्रेस पक्ष व ओरोमो मुक्ती आघाडी हे दोन्ही पक्ष २०२१ च्या निवडणुकीपासून दूर राहिले.

मे २०२१ मध्ये मुक्ती सेनेला दहशतवादी ठरविण्यात आले. जून २०२२ मध्ये पश्चिम वोलेगातील तोले परिसरात शेकडो अम्हारा नागरिकांची कत्तल झाली. सरकारने व वाचलेल्यांनी मुक्ती सेनेला जबाबदार धरले. सेनेने आरोप नाकारला. सरकारी दलांवरही न्यायालयाबाहेरील हत्या व नागरी वस्त्यांवरील ड्रोनहल्ले यांचे आरोप मानवी हक्क संघटनांनी केले आहेत. २०२३ मध्ये टांझानियात झालेल्या वाटाघाटींच्या दोन फेऱ्या निष्फळ ठरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ओरोमिया राज्य सरकारने सेनेतून फुटलेल्या एका गटाशी करार केला. मुख्य गट त्यात सहभागी नव्हता.

## मतप्रवाह

ओरोमो राज्यशास्त्रज्ञ व राजकीय नेते मेरेरा गुदिना यांनी इथिओपियाच्या घडणीविषयीच्या मतांची तीन गटांत विभागणी केली आहे. पहिल्या मतानुसार मेनेलिकच्या मोहिमा ही राष्ट्रउभारणी होती. दुसऱ्या मतानुसार तेथे राष्ट्रीय दडपशाही झाली व तिच्यावर लोकशाही संघराज्य हा उपाय आहे. तिसऱ्या मतानुसार ती वसाहतवादी सत्ता होती आणि वसाहतीप्रमाणेच ओरोमियाला स्वातंत्र्याचा हक्क आहे. इतिहासाचे जे वाचन मान्य केले जाते, त्यावरून स्वयंनिर्णयाचा अर्थ ठरतो; म्हणून शतकभरापूर्वीच्या लढायांवरील वाद आजच्या राजकारणातही तितकेच तीव्र असतात.

स्वतंत्र राष्ट्राच्या मागणीपुढे काही अडचणी नेहमी मांडल्या जातात. ओरोमिया देशाच्या मध्यभागी असून बहुतेक राज्यांना तिची सीमा भिडते, राजधानी तिच्या पोटात आहे आणि तिच्या शहरांत व अनेक खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे अन्य समाज आहेत. त्यांच्या हक्कांचे काय, याचे उत्तर स्वयंनिर्णयाच्या कोणत्याही योजनेला द्यावे लागते. दुसऱ्या बाजूने, केवळ ओरोमो पंतप्रधान असणे म्हणजे ओरोमोंचा स्वयंनिर्णय नव्हे, असे चळवळीतील लोक सांगतात. जमिनीच्या भरपाईचा, राजधानीतील हिताचा व निर्भय निवडणुकीचा प्रश्न सुटल्याशिवाय हक्क कागदावरच राहतो, असा त्यांचा मुद्दा आहे.

भाषेच्या क्षेत्रातील यश मात्र कोणत्याही बाजूने नाकारले जात नाही. १९९१ पूर्वी शाळेबाहेर ठेवलेली ओरोमो भाषा आज लाखो मुलांचे शिक्षणमाध्यम आहे. तिच्यात वृत्तपत्रे, दूरचित्रवाहिन्या व विद्यापीठीय अभ्यासक्रम चालतात. २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अम्हारिकबरोबर ओरोमो, टिग्रिन्या, सोमाली व अफार या भाषांनाही संघराज्याच्या कामकाजाच्या भाषा करण्याचे धोरण मंजूर केले.